टेक्सासमध्ये एलटीसीचा (हँडगन बाळगायच्या लायसन्सचा) फॉर्म भरताय? आधी मेडिकल फाइल काढा

लायसन्सचा क्लास बुक करायच्या आणि फीचे ४० डॉलर भरायच्या आधी एक संध्याकाळ मोकळी ठेवा, चहा करा आणि जुनी मेडिकल फाइल घेऊन बसा. २०२१ पासून टेक्सासमध्ये बहुतेकांना लायसन्सशिवायही हँडगन बाळगता येते, पण दुसऱ्या राज्यांत उपयोग होतो म्हणून लोक एलटीसी काढतातच. एच-१बी व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा, त्यात अमेरिकेच्या केंद्राचा (फेडरल) कायदा आडवा येतो.

आता फाइल, कारण लायसन्स देताना मानसिक आजाराचा इतिहास बघतात. मानसिक उपचारांसाठी कधी हॉस्पिटलमध्ये भरती झाला असाल तर सगळ्यात आधी डिस्चार्ज समरी शोधा आणि भरती स्वतःहून होती की कोर्टाच्या ऑर्डरने ते बघा. माझ्या दिरांच्या समरीत एका कोपऱ्यात बारीक अक्षरात 'व्हॉलंटरी' (म्हणजे स्वतःहून) लिहिलेलं होतं, तो एक शब्द केंद्राच्या कायद्यात फार मोठा आहे, कारण तिथे सक्तीची भरती झाली की बंदूक बाळगायलाच बंदी, स्वतःहून झालेली तशी धरत नाहीत. पण टेक्सास लायसन्ससाठी दोन्ही भरती बघतं, म्हणून लपवू नका, खोटं लिहिलंत तर वेगळा गुन्हा. मग निदान बघा: स्किझोफ्रेनिया, बायपोलर, डिमेन्शिया यांचं निदान कधीही झालेलं असो, ते मोजतात. दारू किंवा ड्रग्जचं व्यसन असल्याचं निदान, किंवा त्यासाठी अ‍ॅडमिट होऊन घेतलेली ट्रीटमेंट मात्र मागच्या ५ वर्षांतलीच.

नुसतं काउन्सेलिंग घेतलं म्हणून कोणी अपात्र होत नाही, आणि प्लीज, लायसन्ससाठी गोळ्या बंद करू नका, हे मी हात जोडून सांगते.

निदान जुनं असेल आणि आता बरे असाल तर सर्टिफिकेट लागेल, तेही फॅमिली डॉक्टरचं नाही, सायकिअ‍ॅट्रीचीच प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरचं. त्यात दोन गोष्टी हव्यात, आजार आता आटोक्यात आहे आणि पुन्हा उद्भवण्याची फारशी शक्यता नाही. दिरांच्या पहिल्या पत्रात फक्त 'गोळ्यांवर स्टेबल' एवढंच होतं, त्याने उलट प्रश्न वाढतात, कारण सतत औषध लागणं हाच कायद्यात एक अडथळा आहे. डॉक्टर दुसरी गोष्ट लिहायला तयार नसतील तर त्यांच्यावर दबाव आणू नका, त्यांना काहीतरी दिसत असतं.

आणि नकाराचं पत्र आलंच तर पाकीट फेकू नका, पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी अर्ज करून सुनावणी मागता येते, म्हणून पाकिटावर हातात आल्याची तारीख लगेच पेनाने लिहून ठेवा.