मत नाही, पण मोजणीत आहात

इथे अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा नोव्हेंबर जवळ आला की ऑफिसात, मुलांच्या सॉकर ग्राउंडवर, जिथे तिथे एकच आकडा कानावर पडेल: २७०.

इथला राष्ट्राध्यक्ष देशभरच्या मतांच्या बेरजेवर ठरत नाही. काँग्रेस म्हणजे इथली संसद; तिच्या खालच्या सभागृहातले, म्हणजे हाउसमधले, राज्याचे प्रतिनिधी आणि वरच्या सभागृहातले, म्हणजे सिनेटमधले, दोन सिनेटर मिळून जो आकडा होतो, तेवढी त्या राज्याची इलेक्टोरल मतं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणारी मतं. हाउसचे ४३५ अधिक सिनेटचे १००, वर वॉशिंग्टन डीसीची ३, एकूण ५३८. त्यातली २७० मिळाली की जिंकलात. मेन आणि नेब्रास्का मतं वाटून देतात, बाकी सगळीकडे जो पुढे त्याला सगळी. २००० साली फ्लोरिडात बुश जेमतेम ५३७ मतांनी पुढे राहिले, तिथली २५च्या २५ इलेक्टोरल मतं घेऊन गेले, आणि देशभरात पाच लाखांवर जास्त मतं मिळवलेले प्रतिस्पर्धी गोर हरले. सहा लाखांच्या आतबाहेर वस्ती असलेल्या वायोमिंगलाही ३ मतं आहेतच. मला हा हिशेब कधीच पटला नाही, पण घटनेतच आहे.

राज्यात जो पुढे त्याला सगळी, म्हणून तर कौल आधीच ठरल्यासारखा असलेल्या आमच्या न्यू जर्सीकडे उमेदवार फारसे फिरकत नाहीत. नदीपलीकडे चुरशीच्या पेनसिल्व्हेनियात, १९ मतांसाठी, मुक्काम ठोकतात. ही इलेक्टोरल मतं टाकणारे प्रतिनिधी म्हणजे इलेक्टर; ते डिसेंबरात मतं देतात, ६ जानेवारीला काँग्रेस मोजते, २० तारखेला शपथविधी.

आता तुमच्या, म्हणजे अजून इथले नागरिक न झालेल्यांच्या, कामाचं. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना मतदार नोंदणीचंही विचारतात. काउंटरवर मागे रांग असते, आपण भराभर ‘यस, यस’ म्हणत जातो. तिथे थांबा. एच-वन (नोकरीचा व्हिसा) असो की ग्रीन कार्ड (कायम राहण्याचा परवाना), नागरिक होईपर्यंत उत्तर ‘नो’च. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ‘कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं का’ असा थेट प्रश्न येतो, आणि तेव्हा ‘चुकून झालं’ म्हणणं महागात पडू शकतं. कुणी प्रचारासाठी देणगी मागितली तर ग्रीन कार्डवाल्यांनी खुशाल द्यावी; एच-वनवाल्यांना कायद्याने मनाई आहे.

जनगणनेत मात्र तुम्ही आहात, व्हिसा कुठलाही असो, आणि घरातलं तान्हं बाळही. हाउसच्या जागा त्याच आकड्यांवर वाटल्या जातात. २०२०च्या जनगणनेनंतर टेक्सासची इलेक्टोरल मतं ३८ची ४० झाली, कॅलिफोर्निया ५५वरून ५४वर आलं. २०३०चा फॉर्म आला की ‘आपण कुठे इथले’ म्हणून जाहिरातींच्या टपालाबरोबर फेकून देऊ नका.