मोहल्ला समितीला वजन कसं येईल: निधी नंतर मागा, आधी लेखी उत्तर मागा

आमच्या नागपुरातल्या मानेवाडा रोडकडच्या लेआउटची समिती सहा वर्षं जुनी आहे, त्यातली पहिली तीन वर्षं आम्ही नुसती निवेदनं देत होतो. नाली तुंबली निवेदन, गडर लाइन चोक झाली निवेदन, ओपन स्पेसवर मलबा टाकून राहिले निवेदन. दहा-बारा जण जायचो, साहेब गोड बोलायचे, फोटो निघायचा अन् मग सगळं शांत. एका नालीपायी दोन पावसाळे फिरलो अन् शेवटी समजलं की तो रस्ता दुसऱ्याच खात्याचा, आपला कागद भलत्याच हापिसात पडून होता अन् तसं सांगायची तसदी कोणी घेतली नव्हती. तेव्हापासून जे शिकलो ते इथं लिहून राहिलो. मार्च 2022 पासून आपल्याकडे नगरसेवकच नव्हते, जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर आता सभागृह आलंय, म्हणजे समित्यांचे नियम बदलून घ्यायचे तर हीच वेळ आहे.

आधी कायदा समजून घ्या, नाहीतर महापालिकेच्या झोन ऑफिसमध्ये गेल्यावर पहिल्याच प्रश्नाला गप्प बसावं लागते. 74 व्या घटनादुरुस्तीतलं कलम 243 एस म्हणते की 3 लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात वॉर्ड समित्या पाहिजेच. त्यासाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम 29 ए आहे, त्यात नगरसेवक, तिथला अधिकारी अन् सामाजिक संस्थांतून घेतलेले काही लोक असतात. पण आपल्या नागपुरात ही समिती झोनला एक, झोन 10 अन् 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 24 लाखांच्या वर, म्हणजे एका झोन समितीमागे साधारण 2 लाख 40 हजार माणसं. एवढ्या गर्दीत तुमच्या गल्लीतला बंद दिवा कोणाला दिसणार? म्हणून 2009 मध्ये त्याच कायद्यात एरिया सभा आली. वॉर्डाचे छोटे एरिया पाडायचे, त्या एरियातला प्रत्येक मतदार सभेचा सदस्य, अध्यक्ष नगरसेवक. म्हणजे आपल्याला नवीन कायदा मागायचाच नाहीये, आहे तो चालवून घ्यायचाय अन् त्यात सुधारणा सुचवणारा प्रस्ताव मनपाला द्यायचाय.

पहिलं काम माहिती अधिकाराचा अर्ज. 10 रुपयांचा आहे अन् 30 दिवसांत उत्तर द्यावं लागते. तीनच गोष्टी विचारा: आमच्या प्रभागात एरिया ठरवलेत का, ठरवले असतील तर त्या आदेशाची प्रत, अन् आतापर्यंत झालेल्या सभांचे इतिवृत्त. "का नाही केलं" असं विचारू नका, का चं उत्तर या कायद्यात मिळत नाही, कागद मागा. काहीच नाही असं उत्तर आलं तरी ते जपून ठेवा, प्रस्तावाला तेच पहिलं जोडपत्र.

आता प्रस्तावात काय मागायचं. बहुतेक समित्या सुरुवातच निधीपासून करतात अन् मला हे मनापासून चुकीचं वाटते. पैसा आला की ठेकेदार येते, कोणाचा तरी भाचा येते, अन् दोन वर्षांत समिती फुटते. आधी उत्तर मागा. एकच वाक्य ठेवा: सभेत मंजूर झालेल्या प्रत्येक ठरावावर झोनचे सहायक आयुक्त 30 दिवसांत लेखी उत्तर देतील, होणार असेल तर अंदाजपत्रकातल्या कोणत्या हेडमधून अन् कधी, नसेल तर कारण, अन् काम आपल्या खात्याचं नसेल तर कोणाचं आहे ते. या एका वाक्यानं आमचे दोन पावसाळे वाचले असते.

बाहेरची दोन उदाहरणं सोबत द्या, अधिकाऱ्यांना बरं पडते. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरानं 1999 च्या सनदेत शेजार-परिषदा आणल्या, आज त्या 99 च्या आसपास आहेत, सगळे स्वयंसेवक. महापालिकेपुढे एखादा विषय असला की परिषदेचं लेखी मत त्या विषयाच्या फाइललाच जोडलं जाते, म्हणजे पुढं जो फाइल उघडेल त्याला ते दिसते. नेहमीच्या बैठकीचा अजेंडा 72 तास आधी लावावा लागते. हे दोन्ही आपल्याकडे बिनखर्चाचं होऊ शकते, झोन ऑफिसच्या बोर्डवर कागद लावायला काय लागते? दुसरं बंगळूरचं, तिथल्या नियमांत वॉर्ड समितीत महिला अन् अनुसूचित जाती-जमातींच्या जागा आधीच धरल्यात.

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, इथं थोडं थांबतो. आपल्या लेआउटच्या समित्या पाहा, सगळे प्लॉटमालक, बहुतेक रिटायर, सगळे काका. भाडेकरू नाही, मागच्या झोपडपट्टीतलं कोणी नाही, बाया तर हळदीकुंकवालाच. आम्ही बैठक रविवारी सकाळी 11 ला ठेवायचो, तेव्हा घरोघरी स्वयंपाक, मग कोण येणार? दुपारी 4 ला केली तर पहिल्याच वेळी नऊ बाया आल्या अन् त्यांनी सांगितलेली पाण्याच्या प्रेशरची गोष्ट आमच्या एकाही निवेदनात नव्हती. म्हणून प्रस्तावात लिहा: निम्म्या महिला, भाडेकरू अन् वस्तीतले सदस्य ठरलेले, पदावर सलग दोन वर्षांच्या वर कोणी नाही, अन् ज्याच्या घरातलं कोणी मनपाची कामं घेते त्यानं त्या विषयावर मत द्यायचं नाही.

चार नगरसेवकांचा घोळही सोडवून मागा. आपल्याकडे 38 प्रभाग अन् 151 नगरसेवक, म्हणजे 37 प्रभागांत प्रत्येकी चार, एकात फक्त तीन. चौघं असले की प्रत्येक जण म्हणते तो भाग माझ्याकडे नाही, दुसऱ्याकडे आहे. प्रत्येक एरियाला एका नगरसेवकाचं नाव लेखी लावून द्या, बाकीचे आले तर चांगलंच, पण सभा बोलवायची जबाबदारी एकाचीच.

प्रस्ताव दोन पानांच्या वर नेऊ नका. देण्याआधी खातं तपासा: रस्ता मनपाचा, नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यास), पीडब्ल्यूडीचा की हायवेवाल्यांचा. आपल्या 572 अन् 1900 लेआउटवाल्यांना, म्हणजे आधी अनधिकृत असलेल्या लेआउटच्या त्या दोन याद्यांतल्यांना, हे जास्तच लागते, आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) झालं म्हणजे नाली-रस्ता झालाच असं नसते. मग प्रस्ताव चारही नगरसेवकांना एकाच दिवशी द्या, वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर अजून चांगलं, अन् त्यांना म्हणा की सभागृहात ठराव म्हणून मांडा, कारण आपण नागरिक तिथं स्वतः मांडू शकत नाही. एक प्रत आयुक्तांना, एक झोनला. पैशाचा काही मुद्दा असेल तर तो दिवाळीनंतर लगेच पोचला पाहिजे, अंदाजपत्रक आयुक्तांकडून स्थायी समितीपुढे अन् तिथून सभागृहात जाते, फेब्रुवारीत जागे झालात तर वर्ष गेलं.

दर कागदावर आवक क्रमांक अन् शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, साहेब म्हणाले ठेवून जा, तरी नाही. आम्ही एक साधं रजिस्टर केलंय: तारीख, विषय, आवक क्रमांक, कोणाकडे, 30 वा दिवस कोणता. ते समितीच्या अध्यक्षाकडे ठेवू नका, दर दोन महिन्यांनी घर बदला, म्हणजे अध्यक्ष गावाला गेले तरी 31 व्या दिवशी झोनमध्ये कोणीतरी उभं असते.