ऐतिहासिक मालिकांची तुलना कशी करावी: पारावरच्या वादासाठी एक पद्धत

सिंदखेडराजाच्या परिसरातील आमच्या गावात ऐतिहासिक मालिकांवरचा वाद पारावर सुरू होतो आणि बहुधा 'कोणाची लढाई खरी वाटली' या प्रश्नावर येऊन अडतो. तलवारी, दागिने, घोडे आणि नटाचा आवाज यांवरून केलेली तुलना फार दूर जात नाही, कारण या गोष्टी पैशांवर ठरतात आणि पैसा कोणाजवळ अधिक होता, हे पहिल्या भागातच कळते. त्यापेक्षा पुरावा जिथे संपतो तिथून पुढे मालिका काय करते, हे पाहावे. दोन मालिकांमधील खरे साम्य आणि खरा भेद त्या जागी सापडतो. त्यासाठी शंभर पानी वही, पेन आणि थोडी चिकाटी एवढे पुरते.

आरंभी मालिकांची वर्गवारी करावी. पहिल्या वेच्याचा कापूस आणि फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेला कापूस आपण एका गंजीत टाकत नाही. तेच इथेही पाळावे. दूरदर्शनवर 25 जानेवारी 1987 रोजी सुरू झालेले 'रामायण' आणि 2 ऑक्टोबर 1988 रोजी सुरू झालेले 94 भागांचे 'महाभारत' यांना इतिहासाच्या तराजूत घालू नये. रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडिण्यपूर आपल्याच अमरावती जिल्ह्यात असले तरी ती श्रद्धेची आणि महाकाव्याची बाब आहे. दुसऱ्या टोकाला 'गेम ऑफ थ्रोन्स' आहे. 2011 ते 2019 या काळातील तिच्या 73 भागांत किल्ले, राजघराणी आणि वारसाहक्काची भांडणे असूनही ती सर्वस्वी कल्पित आहे. तिच्या मुळाशी पंधराव्या शतकातील इंग्लंडच्या गादीसाठीच्या यादवीची आठवण तेवढी आहे. या दोहोंच्या मध्ये 'शोगुन'सारख्या मालिका येतात. त्यातील तोरानागा हा जपानचा सत्ताधीश तोकुगावा इएयासू याच्यावरून आणि इंग्रज खलाशी हा 1600 मध्ये जपानला पोहोचलेल्या विल्यम ॲडम्सवरून बेतलेला आहे, मात्र नावे बदललेली आहेत. नाव बदलणारा लेखक आपण कल्पना करीत असल्याचे निदान कबूल तरी करतो; खरी नावे ठेवणाऱ्या मालिकेकडून आपण अधिक काटेकोर हिशेब मागावा.

हिशेबाची पहिली पायरी साध्या भागाकाराची आहे. मालिकेने किती वर्षांची कथा किती भागांत सांगितली, हे लिहून घ्यावे. श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज'ने सुमारे पाच हजार वर्षे 53 भागांत बसवली. चंद्रप्रकाश द्विवेदी यांच्या 'चाणक्य'ने 47 भाग एका माणसाच्या कार्याला दिले. 'स्वराज्यरक्षक संभाजी' सप्टेंबर 2017 ते फेब्रुवारी 2020 अशी जवळजवळ अडीच वर्षे चालली आणि तिचा विषय 1657 ते 1689 असा अवघ्या 32 वर्षांच्या आयुष्याचा होता. तुर्कस्तानातील 'दिरिलिश एर्तुग्रुल' 2014 ते 2019 या काळात 150 भाग चालली आणि तिचा मूळ एकेक भाग सुमारे दोन तासांचा होता.

आता त्याच ओळीपुढे पुराव्याचे खाते लिहावे. ही पायरी वेळखाऊ आहे, पण सगळा रस तिच्यातच आहे. एर्तुग्रुलविषयी समकालीन असे जवळजवळ काहीच हाती नाही. त्याचा मुलगा आणि उस्मानी घराण्याचा संस्थापक उस्मान याच्या नाण्यावर बाप म्हणून त्याचे नाव येते आणि बाकीच्या बऱ्याच कथा पुढच्या काळात लिहिल्या गेल्या. म्हणजे तीनशे तासांच्या आसपासची मालिका मूठभर पुराव्यावर उभी आहे. चाणक्याचीही स्थिती फारशी निराळी नाही: चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेला ग्रीक वकील मेगॅस्थेनिस याच्या ग्रंथाचे जे तुकडे इतरांच्या लेखनातून उरले आहेत त्यांत त्याचा उल्लेख नाही आणि ज्या संस्कृत नाटकातून तो आपल्या ओळखीचा झाला ते कित्येक शतकांनंतरचे आहे. अकबराच्या राणीचे 'जोधा' हे नाव 'अकबरनाम्या'त आढळत नाही, तरी त्याच नावाची मालिका 2013 पासून दोन वर्षे चालली. यावरून या मालिका टाकाऊ ठरत नाहीत; त्यांच्या लेखकाला मोकळे रान किती होते, एवढेच कळते.

सरावासाठी आपल्याच मातीतले उदाहरण घ्यावे. जिजाऊंवरील किंवा शिवरायांच्या बालपणावरील कोणतीही मालिका लखुजीराव जाधवांपाशी येऊन थांबते. रंगपंचमीच्या दिवशी लहानग्या जिजाऊ आणि शहाजीराजांना पाहून लखुजीरावांनी थट्टेत सोयरिकीचे शब्द काढले आणि मालोजीराजांनी ते धरून ठेवले, ही कथा उत्तरकालीन बखरींतून आलेली आहे. उलट 1629 मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाहीच्या दरबारी लखुजीराव आणि त्यांच्या मुलांची हत्या झाली, हे समकालीन साधनांनी पक्के झालेले आहे. वहीत या दोन प्रसंगांसाठी दोन रकाने करावेत आणि प्रत्येक मालिकेने कोणत्या प्रसंगाला किती भाग दिले, ते मोजावे. मग रंगाचा प्रसंग किती दिवस चालला आणि एका मुलीचे माहेर एका दिवसात उजाड झाले, त्याला किती वेळ मिळाला, हे आकड्यांत दिसते. माझ्या मते मालिकेचा कस या दुसऱ्या रकान्यात लागतो.

मोकळी जागा कशाने भरली, हे तिसरे खाते होय, आणि इथे दूरदूरच्या मालिका एकमेकींच्या सख्ख्या बहिणी निघतात. काही मालिका ती अंतःपुरातील कटांनी भरतात, काही फितुराच्या शोधाने, तर 'चाणक्य'सारखी एखादी लांब वादविवादाने. रोज प्रसारित होणाऱ्या मालिकेला रोज काहीतरी अर्धवट सोडावे लागते, म्हणून दाराआडून ऐकणारी व्यक्ती पैठणी नेसलेली असो वा तुर्की झगा घातलेली, तिचे काम तेच असते. भेद मात्र पैसा पुरवणाऱ्याकडे पाहिल्यावर कळतो. सुलतान सुलेमानच्या जनानखान्यात रमलेली 'मुहतेशेम युझ्यिल' ही तुर्की मालिका 2011 ते 2014 या काळात चालली. आमचे पूर्वज असे नव्हते, सुलतानाची तीस वर्षे घोड्यावर गेली, अशी टीका तुर्कस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन यांनी 2012 मध्ये जाहीरपणे केली. घोड्यावरच्या पूर्वजांची 'एर्तुग्रुल' त्यानंतर दोन वर्षांनी सरकारी वाहिनीवर आली. त्यामुळे निर्माता कोण आणि वाहिनी कोणाची, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.

नटाचा चेहरा तुलनेतून वगळावा. डॉ. अमोल कोल्हे 2008 मध्ये सुरू झालेल्या 'राजा शिवछत्रपती'त शिवराय होते आणि नंतर संभाजीराजे झाले. दोन्ही मालिका पाहणाऱ्याच्या मनात बापलेकांचे स्वभाव एकमेकांत मिसळतात. आमच्या घरीही एकदा एका मालिकेतला प्रसंग दुसऱ्या मालिकेच्या नावे सांगितला गेला आणि त्यावरून संध्याकाळभर वाद चालला. त्यावर उपाय एकच: प्रसंगाची नोंद भाग पाहून झाल्याबरोबर करावी.

शेतकऱ्याच्या नजरेला जी तपासणी सहज जमते ती शहरातील समीक्षकाला सुचत नाही. मिरची, मका आणि टोमॅटो ही अमेरिका खंडातून आलेली पिके असल्यामुळे मौर्यांच्या स्वयंपाकघरात लाल मिरच्यांची माळ टांगलेली दिसली की वहीत फुली मारावी. सीझरच्या काळातील रोमन स्वारांना रिकीब नव्हती, तेव्हा स्वाराच्या पायाकडे पाहावे. अशा चुका मोजाव्यात, परंतु त्यांना फार गुण देऊ नयेत. मिरची चुकलेली मालिका माणूस बरोबर दाखवू शकते.

मालिका कोणाच्या तोंडून बोलते, हेही पाहावे. 'महाभारता'त हरीश भिमाणींच्या आवाजातील काळ बोलतो, तर 'भारत एक खोज'मध्ये नेहरूंच्या भूमिकेतील रोशन सेठ. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या मंडपात धानकापणीनंतर रात्रभर नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकाला सांगणारा आणि होऊन गेलेला यांतील अंतर ठाऊक असते. मालिकेत निवेदक नसला की ते अंतर पुसट होते. तेव्हा भागाच्या आरंभीची बारीक अक्षरांतील सूचना मोबाइलवर थांबवून पूर्ण वाचावी. 'द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान' ही कल्पित कथा असल्याची सूचना वादानंतर दाखवावी लागली होती. आता अशी वाक्ये सर्रास येतात, पण 'प्रेरित', 'आधारित' आणि 'काल्पनिक' या तीन शब्दांपैकी कोणता वापरला आहे, ते टिपून ठेवावे.

एवढे झाल्यावर वही घेऊन एखाद्या दिवशी सिंदखेडराजाला जावे. 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवाची गर्दी असते, म्हणून एरवीचा दिवस धरावा. लखुजीरावांच्या राजवाड्याच्या दरवाजातून आत जाताना त्याची रुंदी पावलांनी मोजावी, काळा कोट आणि मोती तलाव पाहावा, लखुजीरावांच्या समाधीपाशी थोडे थांबावे आणि मालिकेतील वाडा याच्या किती पट मोठा होता, ते शेवटच्या रकान्यात लिहावे.