पिसं झडली की उपटली?

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुळशी, भोर, वेल्ह्याकडून हमखास विचारणा होते, "कोंबडी भुंडी झालीय, कोणतं औषध देऊ?" आधी शब्द नीट सांगा. पिसं झडली की कुणी उपटली? इलाज त्यावर ठरतो.

झडणं हे सापानं कात टाकण्यासारखंच. पुण्यात जूनमध्ये 13 तासांहून मोठा असलेला दिवस डिसेंबरात 11 तासांवर येतो. दिवस आखडू लागला की वर्षाच्या पुढची कोंबडी जुनी पिसं टाकते. सुरुवात डोकं-मानेपासून, शेपूट शेवटी. उघड्या कातडीवर अलगद बोट फिरवा. टोकदार कोंब हाताला लागले तर नवी पिसं येताहेत. त्या कोंबांत रक्त असतं, म्हणून कोंबडी फार हाताळू नका. दोन-तीन महिने अंडी बंद किंवा कमी राहतील. औषध नको, खुराक हवा; पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. सुकट, सोयाबीनची पेंड द्या. पावसाळ्यात बुरशी धरलेली पेंड मात्र फेकाच. मी एकदा अशाच कोंबडीला उवा समजून पावडर चोळली होती. शेजारच्या मावशींनी पंख उलगडून कोंब दाखवले, तेव्हा गप्प बसलो.

उपटलेलं पीस वेगळं दिसतं. शेपटीच्या बुडाशी, पाठीवर काड्या अर्धवट तुटलेल्या, एखादा रक्ताचा ठिपका. खुराड्यात दाटी, भगभगीत बल्ब, खाद्यात मीठ किंवा प्रथिनं कमी, यातलं काहीतरी असतंच. रक्त दिसलं की बाकीच्या तिथंच टोचतात, म्हणून जखमी कोंबडी त्याच दिवशी डालग्याखाली वेगळी ठेवा. पक्ष्याला निदान 2 चौरस फूट जागा द्या, बल्ब मंद करा, मेथीची जुडी टांगा. चोची तिकडे गुंततात.

फक्त पाठ उघडी असेल तर पाठीवर चढणारा कोंबडा जबाबदार. एका कोंबड्यामागे 8-10 कोंबड्या हव्यात. खुडूक कोंबडी छातीची पिसं स्वतःच काढते, अंड्यांना ऊब लागावी म्हणून. तिला बसू द्या.

गुदद्वाराजवळ पिसांच्या मुळाशी पांढरे पुंजके म्हणजे उवांची अंडी. गोचीड-पिसवांसारखे बारीक लाल किडे दिवसा फळीच्या फटीत दडतात, म्हणून रात्री बॅटरी मारून बघा. औषध पशुवैद्यकाच्या मात्रेनं, आणि 10-14 दिवसांनी पुन्हा, कारण पहिल्या वेळी अंडी वाचतात. किती दिवस कोंबडीची अंडी विकायची नाहीत, तेही तेव्हाच विचारा.

आणि मान जन्मापासूनच उघडी असेल तर ती जातच तशी. तिला काहीही चोळू नका.