ब्रेक अचानक जात नाहीत : लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांनी या चुका टाळाव्यात

‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला’ हे वाक्य अपघाताच्या बातम्यांत इतक्या वेळा छापून येते, की ब्रेक म्हणजे फुंकर मारताच विझणारा दिवा असावा असा वाचणाऱ्याचा समज व्हावा. प्रत्यक्षात भरलेल्या ट्रकचे ब्रेक टप्प्याटप्प्याने जातात आणि त्याची सुरुवात बहुतेक वेळा घाटमाथ्यावर गिअर निवडताना, किंवा त्याच्याही आधी गाडीत माल भरताना झालेली असते. बरीच वर्षे दसचाकी आणि बाराचाकी गाड्या चालवल्यानंतर आता मी नव्या चालकांसोबत क्लीनरच्या बाजूला बसून जातो. तिथून ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्यांपैकी घाटातल्या चुकांबद्दल सविस्तर आणि बाकीच्यांबद्दल थोडक्यात लिहीत आहे.

उतारावर न्यूट्रल

साताऱ्याकडून पुण्याकडे येताना नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडले, की नवले पुलापर्यंत सलग उतार लागतो. तो घाटासारखा वळणावळणाचा नाही, रस्ता रुंद आहे आणि समोर शहर दिसत असते. त्यामुळे उतार आहे हेच चालकाच्या लक्षात येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२५ मध्ये याच टप्प्यात अवजड वाहनांनी पुढच्या अनेक गाड्यांना धडक दिली. उतारावर न्यूट्रल करून किंवा थेट इंजिन बंद करून गाडी सोडण्याच्या सवयीची चर्चा त्यानंतर उघडपणे झाली. ट्रक चालवणाऱ्यांना ती सवय नवी नव्हती.

या सवयीचे मूळ केवळ चालकाच्या बेफिकिरीत नाही. अनेक मालक ट्रिपमागे ठरावीक डिझेल देतात आणि त्यातून वाचेल ते चालकाचे, असा व्यवहार असतो. वीस लिटर वाचले तर घरी पाठवायला तेवढे पैसे जास्त, हे गणित ज्याच्या डोक्यात आहे त्याला फक्त ‘न्यूट्रल करू नका’ असे सांगून भागत नाही. त्याला हे सांगावे लागते, की आताच्या इलेक्ट्रॉनिक पंपाच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलेला असला, तर उतारावर इंजिनाला जाणारे डिझेल जवळजवळ बंद होते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे का होईना, डिझेल जळतच राहते. म्हणजे न्यूट्रलने जे वाचते असे वाटते, ते वाचतही नाही. इंजिन बंद केल्यास परिस्थिती आणखी वाईट होते, कारण ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि टाकीतली हवा प्रत्येक ब्रेकसरशी कमी होत जाते. पॉवर स्टिअरिंगही दगडासारखे जड होते.

उतारावर गाडी धरून ठेवण्याचे काम गिअरचे आणि एक्झॉस्ट ब्रेकचे, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनाला रोखणाऱ्या ब्रेकचे आहे. पायाखालचा ब्रेक त्यांच्या मदतीला आहे. दसचाकी गाडीचे पासिंग, म्हणजे मालासह मंजूर वजन, आता साडेअठ्ठावीस टन आहे. एवढ्या वजनाची गाडी ३०० मीटर खाली उतरते, तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे २८० लिटर थंड पाणी उकळायला पुरेल इतकी असते. वारा आणि टायर त्यातली काही खातात. उरलेली इंजिनाने घेतली नाही, तर ती सगळी चाकांच्या सहा ब्रेक-ड्रमांमध्ये उतरते. ड्रम तापला की फुगतो आणि त्याला आतून घासून थांबवणाऱ्या लायनिंगपासून दूर जातो. लायनिंगही तापून गुळगुळीत होते आणि त्याची पकड कमी होते. पाय पहिल्याइतकाच दाबलेला असतो, पण गाडी थांबत नाही. यालाच नंतर ‘ब्रेक फेल’ म्हटले जाते, आणि गाडी थंड झाल्यावर तपासणाऱ्याला त्याच ब्रेकमध्ये काही दोष सापडत नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. गाडी शिकत असताना नाशिककडून कांदा भरून वाशीला निघालो होतो आणि कसारा घाट मी ब्रेकवर हलका पाय ठेवून, अगदी सावकाश उतरत होतो. सावकाश जातो आहे म्हणजे बरोबर जातो आहे, अशी माझी समजूत होती. अर्ध्या घाटात जळक्या लायनिंगचा तो कडवट वास केबिनमध्ये आला. उस्तादांनी एका रुंद जागी गाडी बाजूला घ्यायला लावली. मागच्या चाकातून धूर निघत होता. मी पाण्याचा कॅन घेऊन धावलो, तसा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “पोरा, ड्रम तडकेल. लांब उभा राहा.” मग त्यांनी चाकांमागे लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक मात्र ओढू दिला नाही, कारण तापलेला ड्रम थंड होताना आकसतो आणि दाबून ठेवलेल्या लायनिंगवर त्याचा ताण येतो. आम्ही तासभर नुसते बसून होतो. निघताना त्यांनी दुसरा गिअर टाकून दिला आणि खाली पोचेपर्यंत तो बदलायचा नाही असे बजावले.

जो चढ ज्या गिअरमध्ये चढला असता, तो उतार त्याच गिअरमध्ये किंवा त्याच्याही एक खालच्या गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम आजही बरोबर आहे. गिअर उतार सुरू होण्याआधी टाकावा. गाडी पळायला लागल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि त्या खटपटीत गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. गिअरमध्ये असूनही वेग वाढू लागला, तर ब्रेक सतत घासत ठेवण्याऐवजी एकदा नीट दाबून वेग सात-आठ किलोमीटरने कमी करावा आणि पाय पूर्ण काढावा, म्हणजे ड्रमला मधल्या वेळात वारा लागतो.

धोक्याच्या खुणा

घाटाच्या आधी हवेचा काटा बघण्याची सवय फार थोड्यांना असते. इंजिन चालू असूनही हवा भरायला नेहमीपेक्षा वेळ लागत असेल, किंवा ब्रेक दाबून धरल्यावर काटा हळूहळू खाली येत असेल, तर कुठेतरी गळती आहे. इंजिन बंद करून, क्लीनरला ब्रेक दाबायला सांगून चाकांजवळ कान दिला, तर फुसफुस ऐकू येते. हवेच्या टाकीखालचा कॉक उघडून पाणी रोज काढावे. पावसाळ्यात तर त्यातून चहाच्या कपभर पाणी निघते आणि तेवढी जागा हवेला कमी पडते. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर एका चाकाचे ब्रेक सैल आहेत आणि दुसरे चाक जास्तीचे काम करून तापते आहे असे समजावे. ‘पुढच्या ट्रिपला बघू’ हे उत्तर इथे चालत नाही.

एवढे करूनही ब्रेक लागेनासे झाले, तर पॅडल पुन्हा पुन्हा मारू नये, कारण हवेच्या ब्रेकमध्ये प्रत्येक दाबाला हवा खर्च होते. आहे तो गिअर सोडू नये, एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवावा, दिवे आणि हॉर्न लावून धरावेत आणि गाडी दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला घेऊन गटारात किंवा मातीत घासत न्यावी. गाडीचे नुकसान होईल, मालक बोलेल. बोलू द्यावे.

माल भरताना

जास्त वजन भरल्याचा दंड मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा आहे. चालकाला दंडाची धास्ती असते, पण वजनाच्या मांडणीकडे तो दुर्लक्ष करतो. काट्यावर एकूण वजन बरोबर आले तरी लोखंडी कॉइल किंवा यंत्र जर पाठीमागच्या टोकाला ठेवले असेल, तर पुढची चाके हलकी होतात आणि वळणावर स्टिअरिंग ऐकत नाही. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर पुण्याकडे उतरताना जे एस आकाराचे वळण लागते, तिथे उंच भरलेली गाडी कशी झुकते हे ज्याने आरशात पाहिले आहे, त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. दोर पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळावेत, कारण तोवर माल बसलेला असतो. कांद्याच्या गाडीला मात्र ताडपत्री चहूबाजूंनी घट्ट बांधून ठेवणे ही वेगळीच चूक आहे. कोंडलेल्या उष्णतेने कांदा गाडीतच सडतो आणि मार्केटमध्ये त्याचा हिशेब चालकाशी होतो. पाऊस नसेल तर बाजू उघड्या ठेवाव्यात.

चाके आणि युरिया

मागच्या जोडचाकांतल्या आतल्या टायरची हवा कमी झाली आहे हे नुसते बघून कळत नाही, कारण बाहेरचा टायर त्याचे वजन उचलून धरतो आणि मग त्या भाराने स्वतः तापून फुटतो. म्हणून प्रत्येक थांब्यावर टॉमीने (लोखंडी पहारीने) टायर वाजवून बघावेत. नीट हवा असलेला टायर टणत्कार देतो, मऊ पडलेला बदबदतो. दोन टायरांच्या मध्ये अडकलेला दगड तिथेच काढावा. चाक बदलल्यावर नट एकदा आवळून काम संपत नाही. ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर ते पुन्हा तपासावे लागतात, आणि नेमकी हीच गोष्ट सगळे विसरतात. समृद्धी महामार्गासारख्या सलग सिमेंटच्या रस्त्यावर उन्हाळ्यात तासन्‌तास न थांबता गाडी मारली, तर कमी हवेचा टायर फार लवकर तापतो. टायर गरम असताना वाढलेली हवा सोडून देणे हीसुद्धा चूकच आहे, कारण गार झाल्यावर तोच टायर मऊ पडतो.

बीएस-सहा, म्हणजे प्रदूषणाचे नवे निकष पाळणाऱ्या गाड्यांत धूर स्वच्छ करण्यासाठी लागणाऱ्या युरियाबद्दल एवढेच पुरे : शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकू नये. टाकीत लागते ते ३२.५ टक्क्यांचे शुद्ध द्रावण असते. घरगुती मिश्रणाने नोझल बंद पडते, गाडीची ताकद कमी होते आणि चढावर मागे रांग लागते.

बंद पडलेली गाडी आणि रस्त्यावरचे दगड

गाडी बंद पडली की मागे दगड मांडायचे, झाडाची फांदी टाकायची आणि दुरुस्ती झाल्यावर सगळे तसेच सोडून निघायचे, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. रात्री गाडीचा दिवा त्या दगडावर पडतो तेव्हा मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराजवळ वळायला जागा उरलेली नसते. परावर्तक त्रिकोण गाडीत असतो, पण तो सीटखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलाच सापडतो. तो गाडीपासून बराच मागे, आणि वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे ठेवावा. महामार्गाच्या कडेला दिवे बंद करून झोपणे तर कोणत्याही परिस्थितीत करू नये. इंजिन थंड करायला पाच मिनिटे थांबलेला चालकही डुलकी लागून तिथेच झोपतो.

झोप आणि घाई

मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तासांचे काम आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती घालून दिली होती. रस्त्यावर हे आकडे किती पाळले जातात ते ढाब्यावरच्या कोणालाही विचारावे. पहाटे दोन ते पाच या वेळात चहा, तंबाखू आणि मोठ्याने गाणी लावून झोप हटत नाही. डोळे उघडे राहतात आणि मेंदू झोपतो. मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले हे आठवत नसेल, तर पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी घालून वीस-पंचवीस मिनिटे झोपावे.

बऱ्याचदा ही घाई कागदाची असते. माल गाडीत चढला, ई-वे बिल (माल नेण्यासाठी लागणारे जीएसटीचे ऑनलाइन बिल) निघाले आणि गाडी गोदामात किंवा काट्यावर दीड दिवस अडकली, की बिलाची मुदत मध्यरात्री संपणार म्हणून चालक झोप मोडून पळत सुटतो. साध्या मालाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, आणि मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंत वाहतूकदाराला ती पोर्टलवर वाढवून घेता येते. गाडी सध्या कुठे आहे, अंतर किती उरले आणि उशीर कशामुळे झाला, एवढेच त्यासाठी भरावे लागते. गाडी बदलली असेल तर नवा नंबर बिलात चढला आहे की नाही हेही तेव्हाच विचारून घ्यावे. म्हणून संध्याकाळी जेवायला थांबल्यावर, ताट येण्याआधी ऑफिसला फोन करून मुदत वाढवायला सांगावी आणि मग निवांत झोपावे.