मशीनशिवाय चॉकलेट पीनट बटर आईस्क्रीम

500 मिली व्हिपिंग क्रीम एकदम गार घ्या, भांडंही गार करा नाहीतर क्रीम फुलतच नाही, आणि बीटर उचलल्यावर टोक उभं राहिलं की लगेच थांबा, कारण त्यापुढे लोणी व्हायला लागतं. 400 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कमध्ये अर्धा कप कोको चाळून टाका, गुठळ्या मोडा, चिमूटभर मीठ हवंच, त्यानेच चॉकलेट खुलतं. मग क्रीम हलक्या हाताने मिसळा, हवा गेली की आईस्क्रीम दगड होतं. अर्धा कप पीनट बटर मात्र पूर्ण ढवळायचं नाही, थोडं पातळ होईल इतपतच गरम करून वरून धार सोडा आणि सुरी दोनदाच फिरवा, खाताना मधेच तो खारट-गोड पट्टा लागतो ना, भारी लागतो! झाकण लावून 6-8 तास फ्रीजरमध्ये.