गर्भपिशवीच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय? सहीआधी हे विचारा

स्त्रियांच्या कॅन्सर वॉर्डात मी सिस्टर होते. डॉक्टर राउंड संपवून पुढे गेले की नातेवाईक हळूच मला विचारायचे, "सिस्टर, नक्की काय काढणार हो?" हे डॉक्टरांनाच विचारायचं, तेही कागदावर सही करण्याआधी.

त्याच्याही आधीचं एक. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं आणि कुणी म्हणालं, "पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल," तर आधी आतला तुकडा काढून तपासायला (बायोप्सी) सांगा. साधी पिशवी काढल्यावर रिपोर्टात कॅन्सर निघाला, तर पुन्हा ऑपरेशन नाहीतर लाईट (रेडिएशन), असं लांबत जातं. तपासणी बाहेर झाली असेल तर नुसता रिपोर्ट आणू नका. लॅबमधून स्लाइड (तुकड्याची काचपट्टी) आणि ब्लॉक (मेणात ठेवलेला तुकडा) मागून घ्या. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसवायचं असेल तर रेशनकार्ड, आधार घेऊन भरती होण्याआधीच हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) गाठा.

आता मुद्द्याचं: कॅन्सर पिशवीच्या तोंडाचा, आतल्या अस्तराचा की अंडाशयाचा? तिन्हींची ऑपरेशनं वेगळी.

तोंडाचा असेल आणि गाठ लहान असेल तर पिशवीबरोबर आजूबाजूचा भाग आणि लसिकाग्रंथी (तिथल्या बारीक गाठी, लिम्फ नोड) काढतात. वय कमी असेल तर अंडाशय ठेवता येतील का, हे जरूर विचारा. हे ऑपरेशन दुर्बिणीने करू म्हणाले, तर पोट उघडून का नको, हेही विचारा. 2018 साली आलेल्या मोठ्या चाचणीत साडेचार वर्षांनी पोट उघडून केलेल्यांपैकी 96.5 टक्के बायका आजारमुक्त होत्या, दुर्बिणीवाल्या 86 टक्के. गाठ मोठी किंवा बाजूला पसरलेली असेल तर ऑपरेशनच नको, केमो आणि लाईट एकत्र. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 633 बायकांवर हे तपासलं: पाच वर्षांनी आजारमुक्त 76.7 टक्के, आधी केमो देऊन मग ऑपरेशन केलेल्या 69.3 टक्के. तेव्हा "ऑपरेशन होणार नाही" ऐकून लगेच रडायला बसू नका.

अस्तराच्या कॅन्सरला मात्र, लवकर सापडला असेल तर, दुर्बीण चांगलीच.

अंडाशयाच्या कॅन्सरात चीर लांब असते, कारण सगळं पोट तपासायचं असतं. कधी तीन केमो देऊन मग ऑपरेशन. बाहेर आल्यावर सर्जनना एकच विचारा: "डोळ्यांना दिसेल असं काही उरलं का?" पुढचं बरंचसं त्या उत्तरावर असतं.

पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त त्रास लघवीच्या नळीचा. मूत्राशयाच्या नसांना धक्का लागतो, म्हणून नळी बरेच दिवस राहते. लघवीची पिशवी कायम कंबरेच्या खाली ठेवा, नळीला पीळ पडू देऊ नका. नळी काढल्यावर भरल्याची जाणीवच नीट होत नाही. लागली नाही तरी घड्याळ लावून दर तीन तासांनी बसवा. नंतर सोनोग्राफीत आत किती उरली ते बघतात. जास्त उरली तर पुन्हा नळी. सासूबाई सुनेला सांगायला लाजतात, म्हणून वहीत वेळ आणि माप लिहा, बोलावं लागत नाही.

रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पोटावर द्यायचं इंजेक्शन घरीही सुरू ठेवायला सांगितलं असेल, तर डिस्चार्जआधी वॉर्डातल्या सिस्टरसमोर स्वतः देऊन बघा. एका पायाची पोटरी सुजली, ताप आला, घाण वासाचा स्राव आला किंवा लघवी सारखी खालून झिरपायला लागली, तर तारखेची वाट न बघता या. नवराबायकोच्या संबंधांबद्दल कुणी विचारत नाही. डॉक्टरांनी आतून तपासून 'चालेल' म्हणेपर्यंत थांबा, आणि त्रास झाला तर सांगा, त्यावरही इलाज असतो.

काढलेल्या भागाचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे जातात. लाईट किंवा केमो लागणार की नाही, हे त्यावर ठरतं. टाके निघाले, बाई स्वयंपाकाला उभी राहिली, म्हणून ती ओपीडीची तारीख चुकवणारे पुष्कळ पाहिले. रिपोर्ट फायलीतच पडून राहायचा आणि लाईट सुरू करायची वेळ निघून जायची.